मुरुडची खारी हवा आणि घरगुती संगणकाचे शीतन

संगणक तापतो व त्यास थंड ठेवावे लागते, ही गोष्ट आता कोणास नवी राहिलेली नाही. परंतु तो कोठे तापतो, कोणत्या हवेत तापतो, आणि थंड ठेवण्यासाठी जी हवा आपण आत घेतो ती आपल्याबरोबर आणखी काय घेऊन येते, ह्या प्रश्नांचा विचार क्वचितच केला जातो. प्रस्तुत लेखात तो विचार एका विशिष्ट स्थळापुरता करावयाचा आहे. ते स्थळ म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील मुरुड. जंजिऱ्यामुळे सर्वतोमुखी असलेले मुरुड ते रायगड जिल्ह्यातील. हे मुरुड महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. नारळी-पोफळीच्या वाड्यांत वसलेले हे गाव समुद्राच्या इतके लगत आहे की, पावसाळ्यात लाटांचा घोष घरात ऐकू यावा.

अशा गावातील एखादा विद्यार्थी सुटे भाग मागवून, घरीच जुळणी करून, संगणकावरील खेळांसाठी एक शक्तिमान यंत्र उभे करतो. त्यासाठी घरातून बरीच रक्कम खर्च झालेली असते, आणि यंत्र बिघडल्यास दुरुस्तीसाठी दूरच्या शहराकडे धाव घ्यावी लागते. ह्या विद्यार्थ्यास मिळणारा सल्ला मात्र बहुधा थंड व कोरड्या देशांतील लेखकांचा असतो, आणि त्याचा सारांश असा : पंखे जितके अधिक तितके बरे. मुरुडच्या हवेत हा सल्ला निम्माच खरा ठरतो. उरलेला निम्मा यंत्राच्या मुळावर कसा येऊ शकतो, हे साध्या पदार्थविज्ञानाच्या आधारे दाखविता येते. त्यास पदव्युत्तर वर्गाच्या पलीकडचे गणित लागत नाही.

प्रथम उष्णतेचा हिशेब. संगणक कोणतेही यांत्रिक कार्य करीत नाही. तो पाणी उपसत नाही की पीठ दळत नाही. भिंतीतून घेतलेली जवळजवळ सर्व विद्युत्-ऊर्जा अखेर उष्णतेच्याच रूपाने खोलीत येते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सिद्ध झालेल्या 'टिफ्रॅक' ह्या यंत्रात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या, आणि त्या तापत असत हे सांगावयास नकोच. नलिका गेल्या, त्यांच्या जागी नखाएवढ्या सिलिकॉनवर कोट्यवधी ट्रांझिस्टर आले, तरी नियम बदलला नाही. ट्रांझिस्टरांच्या उघडझापेत खर्च होणारी शक्ती ही वारंवारतेच्या समप्रमाणात व विद्युत्-दाबाच्या वर्गाच्या समप्रमाणात असते. मध्यम प्रतीचे घरगुती यंत्र खेळ चालू असताना सुमारे ३०० वॅट घेते असे आपण गणितासाठी धरू. त्यांपैकी ६५ वॅट प्रोसेसरचे, १८० ग्राफिक्स कार्डाचे, व बाकीचे मदरबोर्ड, एसएमपीएस इत्यादींचे. स्वस्थ बसलेला मनुष्य सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे ह्या लोखंडी पेटीत, जिला बाजारात कॅबिनेट म्हणतात, तीन माणसे कोंबून बसविल्यासारखेच झाले.

ही उष्णता दोन टप्प्यांनी बाहेर पडते. पहिला टप्पा सिलिकॉनपासून हीटसिंकच्या पात्यांपर्यंत व पात्यांपासून कॅबिनेटमधील हवेपर्यंत. दुसरा टप्पा कॅबिनेटमधील हवेपासून खोलीतील हवेपर्यंत. दोन्ही टप्पे ओहमच्या नियमाप्रमाणे एकसर जोडणीत आहेत असे मानून चालता येते. येथे तापमानातील फरक म्हणजे विद्युत्-दाब, वॅट म्हणजे प्रवाह, व उष्णतेस होणारा विरोध म्हणजे रोध. साध्या पंख्याच्या कूलरचा रोध दर वॅटला ०·४ अंश धरल्यास ६५ वॅटांमुळे २६ अंशांची वाढ होते. मे महिन्याच्या दुपारी खोलीचे तापमान ३२ अंश सेल्सियस व कॅबिनेटमधील हवा त्याहून १० अंशांनी अधिक धरली, तर ४२ अधिक २६ म्हणजे ६८ अंश. त्यात सिलिकॉन व धातूचे झाकण ह्यांच्यामधील आणखी सात-आठ अंश मिळवावेत. बेरीज ७५ च्या आसपास येते. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांना पोहोचल्यावर आपण होऊन वेग कमी करतात. अर्थात मुरुडचा मे महिना झाला तरी साध्या पंख्यांवर निभावण्यास पुरेसे अंतर शिल्लक राहते. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत हे अंतर कमी असते. त्याचे वॅट अधिक, आणि त्याचे स्वतःचे पंखे कॅबिनेटमधीलच हवा ओढतात. म्हणून पंखे बसविताना त्याचा विचार प्रथम करावा.

आता दुसरा टप्पा, म्हणजे कॅबिनेटमधील हवा १० अंशांहून अधिक तापू नये यासाठी किती वारा लागेल, हे पाहू. एक घनमीटर हवेचे तापमान एका अंशाने वाढविण्यास मुरुडच्या हवेत सुमारे १,१७५ जूल लागतात. म्हणून ३०० वॅट उष्णता १० अंशांच्या वाढीत वाहून नेण्यास सेकंदाला सुमारे ०·०२५ घनमीटर, म्हणजेच तासाला सुमारे ९० घनमीटर हवा हवी. हा प्रवाह निम्मा केला, ४५ घनमीटरांवर आणला, तर वाढ २० अंशांची होते. दुप्पट केला, १८० वर नेला, तर वाढ ५ अंशांवर येते. चौपट केला, ३६० वर नेला, तर अडीच अंश. ह्या आकड्यांकडे नीट पाहिले पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन त्यांवरच उभे आहे. पहिल्या दुपटीने १० अंश मिळाले, दुसरीने ५, तिसरीने फक्त अडीच. वक्र अतिपरवलयाचा आहे. सुरुवातीस तो झपाट्याने उतरतो आणि पुढे जवळजवळ आडवा होतो. ज्याच्या कॅबिनेटमध्ये एकही पंखा नाही त्याने एक बसविला तर फरक नाट्यपूर्ण वाटेल. ज्याच्याकडे तीन आहेत त्याने सहा केले तर तापमापकासही तो जेमतेमच जाणवेल.

येथे एका लोकप्रिय समजुतीचा परामर्श घेणे इष्ट आहे. कोकणची हवा दमट, म्हणून ती यंत्रास थंड करीत नाही, असे पुष्कळांना वाटते. आपणांस घामाने कासावीस व्हावे लागते, तेव्हा यंत्रासही तसेच होत असणार, असे हे तर्कशास्त्र. परंतु यंत्राला घाम येत नाही. दमट हवेत मनुष्याचे हाल होतात ते घामाचे बाष्पीभवन मंदावते म्हणून. हीटसिंकच्या पात्यांवर बाष्पीभवन मुळीच होत नसते. ३० अंश तापमान व ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता असलेली हवा कोरड्या हवेपेक्षा सुमारे दीड टक्का हलकी असते खरी, पण पाण्याच्या वाफेची विशिष्ट उष्णता अधिक असल्याने तिची दर किलोग्रॅममागील धारणाशक्ती सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. दोन्ही परिणाम एकमेकांस खोडतात आणि दर घनमीटरमागील हिशेब जवळजवळ जागच्या जागी राहतो. तेव्हा शीतनाच्या दृष्टीने मुरुडचा दमटपणा निरुपद्रवी आहे. तो उपद्रव देतो, पण वेगळ्या वाटेने. त्या वाटेकडे आपण लवकरच येऊ. ओल्या गवताच्या जाळीतून वारा घेणारा डेझर्ट कूलर विदर्भात उन्हाळ्यात वरदान ठरतो, तो मात्र येथे संगणकाच्या खोलीत आणू नये. ज्या हवेत आधीच ८५ टक्के ओलावा आहे तिला तो आणखी फारशी थंड करू शकत नाही, उरलेला कोरडेपणाही घालवितो.

दुसरी समजूत अशी की, उष्ण हवा वर जाते, म्हणून पंखे तिच्या मर्जीनुसारच लावले पाहिजेत. ह्या समजुतीचे मूळ सरळ आहे; कोकणातील जुने घर त्याच तत्त्वावर बांधलेले असे. जांभ्याच्या भिंती, उतरते छप्पर, कौलांच्या सांध्यांतील फटी. पडवीच्या बाजूने वारा आत यावा, माजघरातील तापलेली हवा माळ्यावर चढावी आणि कौलांतून निघून जावी. पाच मीटर उंची व आतबाहेर तीन अंशांचा फरक धरल्यास ह्या उर्ध्वगतीचा दाब सुमारे अर्धा पास्कल येतो. तो क्षुल्लक दिसतो, पण वाट मोकळी व फटींचे एकूण क्षेत्रफळ मोठे असल्याने तेवढा पुरतो. कॅबिनेटची उंची मात्र हातभर. तेथे १० अंशांच्या फरकानेही जेमतेम ०·१७ पास्कल दाब मिळतो, आणि हवेला जाळ्यांतून, तारांच्या गुंत्यातून, पात्यांच्या दाटीतून जावयाचे असते. उलट १२० मिलिमीटरचा साधा पंखा १० ते २० पास्कल दाब देऊ शकतो, म्हणजे सुमारे शंभरपट. अशा स्थितीत उष्ण हवेची मर्जी विचारण्याचे कारण उरत नाही. पंखा नेईल तिकडे ती जाते. पंखे पुढून मागे ठेवले काय की खालून वर ठेवले काय, ह्यावर जे वाद घातले जातात त्यांत फारसे तथ्य नाही. तथ्य आहे ते एकाच गोष्टीत : हवेची आत येण्याची वाट व बाहेर जाण्याची वाट एकमेकींपासून दूर असाव्यात, आणि त्यांच्या मधोमध तापणारे भाग यावेत. पुढच्या जाळीतून शिरलेली हवा लगेच वरच्या जाळीतून निसटली, तर ती कितीही असली तरी वाया गेली.

साधे पंखे म्हणजे १२ व्होल्टांवर चालणारे, १२० किंवा १४० मिलिमीटर रुंदीचे. त्यांच्या खोक्यावर प्रवाहाचा जो आकडा छापलेला असतो तो मोकळ्या हवेतील होय. समोर जाळी, गाळणी व अडथळे आले की प्रवाह घटतो, कारण अडथळ्याने खाल्लेला दाब प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. पंख्याचा दाब-प्रवाह वक्र आणि कॅबिनेटचा हा वक्र जेथे छेदतात तेथेच पंखा प्रत्यक्षात चालतो. छापील आकड्याच्या निम्मा प्रवाह मिळेल असे धरून चालणे शहाणपणाचे. तासाला ९० घनमीटर छापलेले दोन पंखे पुढे आत घेणारे, व तसाच एक मागे बाहेर टाकणारा, एवढ्यावर आपल्या उदाहरणातील ३०० वॅटांची गरज भागते. खालच्या पुढील पंख्याचा झोत ग्राफिक्स कार्डावर यावा. पंख्याची दिशा ओळखण्याची खूण सोपी आहे : ज्या बाजूस मोटार धरून ठेवणाऱ्या काड्या असतात त्या बाजूने वारा बाहेर पडतो. तरी जुळणी संपल्यावर पेटती उदबत्ती जाळीसमोर धरून धूर कोठे ओढला जातो हे एकवार पाहावे. उलटा बसलेला पंखा हा दोष जितका हास्यास्पद तितकाच सार्वत्रिक आहे.

दोन आत आणि एक बाहेर, ही विषम संख्या सहेतुक आहे. आत येणारा वारा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडा अधिक असला की कॅबिनेटमध्ये किंचित वाढीव दाब राहतो. जादा हवा फटींतून बाहेर पडते, फटींतून आत येत नाही. परिणामी आत शिरणारी हवा गाळणीतूनच शिरते. ह्याच्या उलट मांडणीत प्रत्येक फट ही धुळीचे दार होते.

गतीविषयीही एक शब्द. पंख्याचा प्रवाह गतीच्या समप्रमाणात असतो, दाब तिच्या वर्गाच्या, आणि लागणारी शक्ती घनाच्या. गोंगाट तर गतीच्या सुमारे पाचव्या घाताने वाढतो. मिनिटास १,२०० फेऱ्यांवरून ८०० वर आल्यास प्रवाह एकतृतीयांशाने घटतो, पण आवाज जवळजवळ ९ डेसिबेलने उतरतो. चार तारांच्या पंख्यांची गती मदरबोर्डकडून तापमानानुसार आपोआप बदलता येते. ही सोय असलेले पंखे घेणे हिताचे, आणि मुरुडमध्ये तर, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, अगत्याचे.

एथवरचे विवेचन पुण्यास लागू पडेल तसेच मुरुडलाही. आता मुरुडचे वैशिष्ट्य, म्हणजे मीठ. किनाऱ्यावर लाट फुटते तेव्हा असंख्य बुडबुडे फुटतात आणि खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब हवेत उडतात. पाणी उडून जाते, मिठाचे कण तरंगत राहतात व वाऱ्याबरोबर आत येतात. जाडे कण पहिल्या काही शेकडा मीटरांतच खाली बसतात, बारीक कण दूरवर जातात. किनाऱ्यालगतच्या गावात दारांच्या बिजागऱ्या, सायकली व पत्रे किती लवकर गंजतात हे तेथील रहिवाशांस सांगावे लागत नाही. कराईकुडी येथील केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्थेने भारताचा गंज-नकाशा तयार केला तो अशाच अनुभवास आकड्यांचे रूप देण्यासाठी.

हवेच्या दर घनमीटरमध्ये १० मायक्रोग्रॅम मीठ आहे असे गणितापुरते धरू. भरतीच्या लाटांसमोर ते ह्याहून पुष्कळ अधिक असू शकते. यंत्र रोज सहा तास चालले व तासाला ९० घनमीटर हवा आत घेतली, तर दिवसाला ५४० घनमीटर होतात. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा खोलीतील सगळी हवा रोज पंधरा वेळा त्या पेटीतून गेली असा ह्याचा अर्थ. वर्षाला सुमारे दोन लाख घनमीटर, आणि त्यांबरोबर सुमारे दोन ग्रॅम मीठ. त्यातील बहुतेक तसेच बाहेर जाते, परंतु काही अंश हीटसिंकच्या पात्यांवर, पंख्यांच्या कडांवर, मदरबोर्डच्या जोडांवर बसतो. दोन ग्रॅम म्हणजे भाजीत टाकावयाची चिमूट. पण मदरबोर्डवरील दोन टाक्यांमधील अंतर मिलिमीटरच्याही अंशात मोजावयाचे असते.

आता वरील दोन हिशेब शेजारी ठेवून पाहावेत. वारा दुप्पट केल्यास तापमानाचा लाभ प्रत्येक वेळी निम्मा होत जातो. मीठ मात्र प्रत्येक वेळी पुरते दुप्पट होते. ९० घनमीटरांवरून १८० वर गेल्यास प्रोसेसर ७५ ऐवजी ७० अंशांवर चालेल, ज्याची त्यास गरज नव्हती. आणि दोन ग्रॅमांचे चार होतील, ज्यांची कोणासच गरज नाही. मुरुडमध्ये पुरेसा वारा घ्यावा, त्याहून अधिक घेऊ नये, असे जे प्रस्तुत लेखकाचे मत आहे ते ह्या गणितावर आधारलेले आहे. गती तापमानानुसार बदलणारे पंखे येथे अगत्याचे म्हटले तेही ह्याच कारणास्तव : पत्र लिहिताना यंत्रास ५० वॅट लागत असतील तर ३०० वॅटांचा वारा, व त्याबरोबरचे मीठ, आत ओढण्यात काय अर्थ? मुळात उष्णताच कमी निर्माण करणे हा त्याहून चांगला उपाय. विद्युत्-दाब दहा टक्क्यांनी उतरविला आणि यंत्र त्यावर स्थिर चालले, तर दाबाच्या वर्गाच्या नियमाने शक्ती सुमारे १९ टक्क्यांनी घटते, वेग मात्र तोच राहतो. पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखविणारा असेल तर खेळासही ६० ची मर्यादा घालावी. न दिसणारी चित्रे काढण्यासाठी तापण्यात हशील नाही.

तथापि मीठ नुसते बसल्याने नुकसान होत नाही. कोरडे मीठ विजेचे वाहक नव्हे. ते ओलावा शोषून चिघळले की त्याचा आम्लासारखा चावणारा, वीज वाहून नेणारा पातळ थर होतो, आणि मग गंज सुरू होतो. शुद्ध सोडियम क्लोराइड सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेस चिघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, व ते ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरू लागते. म्हणून समुद्री मीठ पुरते कोरडे क्वचितच असते. तरीही ७५ च्या खाली ओलाव्याचा थर फार क्षीण राहतो व वर तो झपाट्याने वाढतो. स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीस आषाढात पाणी सुटते ते ह्याच नियमाने. धातूंच्या गंजाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकातही, आर्द्रता ८० टक्क्यांवर असलेले तास हे 'ओले तास' म्हणून मोजले जातात. मुरुडच्या पावसाळ्यात अशा तासांना तोटा नाही.

येथे एक चमत्कारिक गोष्ट निदर्शनास येते. खोलीतील हवा ३० अंश तापमानाची व ८५ टक्के आर्द्रतेची असताना चालू यंत्रातील हवा ४० अंशांवर जाते. त्या हवेतील वाफ तेवढीच राहते, पण ४० अंशांना हवेची वाफ धरण्याची कमाल मर्यादा पावणेदोनपट असते. म्हणून आतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ४९ टक्क्यांवर येते. चालू यंत्र आपल्या पोटातील हवा आपणच सुकवीत असते. धोक्याची वेळ यंत्र चालू असतानाची नव्हे, तर बंद असतानाची. चार महिन्यांच्या पावसाळ्यात आठवडाभर बंद पडून राहिलेले यंत्र बाहेरच्या हवेइतकेच गार व तितकेच ओले होते, आणि खेळताना जमा झालेले मीठ त्या निवांत काळात आपले काम करीत असते.

त्या कामास आपणच एक साहाय्य करीत असतो. यंत्र बंद केले तरी भिंतीवरील बटण चालू असल्यास एसएमपीएसकडून ५ व्होल्टांचा राखीव पुरवठा मदरबोर्डला सतत मिळत राहतो. ओला खारा थर आणि त्यावर विद्युत्-दाब, एवढी सामग्री जमली की धातूचे आयन एका टाक्याकडून दुसऱ्याकडे सरकू लागतात आणि कथील, तांबे वा चांदी ह्यांचे झाडासारखे सूक्ष्म फाटे वाढून दोन वाटा जोडल्या जातात. पावसाळ्यात एखाद्या सकाळी यंत्र अकस्मात सुरूच होत नाही, त्यामागे हेही एक कारण असू शकते. म्हणून यंत्र बंद केल्यावर भिंतीवरील बटणही बंद करावे. ह्या उपायास खर्च नाही व तो बहुधा कोणी करीत नाही.

बंद यंत्र सुके ठेवण्यास फार उष्णता लागत नाही, हेही गणितावरून दिसते. बाहेरची हवा २७ अंश व ९० टक्के असताना आतील हवा केवळ तीन अंशांनी तापविली तरी आर्द्रता ७५ टक्क्यांवर येते. सात अंशांनी तापविली तर ६० वर. खेळ न खेळता नुसते चालू ठेवलेले यंत्र सुमारे ४५ वॅट घेते, आणि पंखे अगदी मंद, तासाला २० घनमीटर इतकेच, चालविले तर त्या ४५ वॅटांनी आतील हवा सात अंशांनीच तापते. रोज थोडा वेळ यंत्र असे चालवावे. छायाचित्रकार पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या कपाटात लहानसा दिवा जळत ठेवीत, त्यातील तत्त्व हेच.

वीजच नसेल तर काय, असा प्रश्न कोकणात राहणाऱ्याने विचारलाच पाहिजे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. दापोली व मंडणगड तालुक्यांच्या किनारपट्टीस त्याचा जबर तडाखा बसला. वाड्यांतील नारळी-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले, आणि कित्येक गावांना दिवसच्या दिवस वीज मिळाली नाही. वादळाने उडविलेले खारे पाणी, उघडी पडलेली छपरे, आणि पाठोपाठ येणारा पावसाळा. यंत्रांच्या दृष्टीने ह्याहून वाईट क्रम कल्पिता येत नाही. अशा वेळी यंत्र जाड प्लास्टिकच्या पिशवीत, बऱ्याचशा सिलिका जेलच्या पुड्यांसह, हवाबंद गुंडाळून ठेवणे एवढेच हाती असते. पिशवी मात्र खरोखर बंद असावी. उघड्या हवेत ठेवलेली सिलिका जेलची पुडी साऱ्या कोकणची ओल शोषू पाहते आणि लवकरच थकते. वादळानंतर वीज परतल्यावर यंत्र लगेच खेळास जुंपू नये. कॅबिनेट उघडून, सुके आहे असे पाहून, मगच ते चालू करावे.

खोलीचाही विचार करावयास हवा, कारण पंखे कितीही असले तरी यंत्र खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. दारेखिडक्या बंद करून ३०० वॅटांचे यंत्र तासभर चालविले आणि भिंतींनी काहीच उष्णता घेतली नाही असे मानले, तर वर सांगितलेल्या खोलीतील हवा सुमारे २५ अंशांनी तापेल. भिंती पुष्कळशी उष्णता घेतात म्हणूनच आपण वाचतो. तेव्हा खिडकी उघडी हवी, पण कोणती? शालेय भूगोलात आपण खारे वारे व मतलई वारे शिकतो. दिवसा जमीन तापते व समुद्राकडून खारे वारे येतात. रात्री जमीन लवकर निवते व जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री हा फेर मुरुडात स्पष्ट जाणवतो. मतलई वारा गार असतो आणि डोंगराकडून येत असल्याने त्यात मीठ कमी असते. यास्तव दिवसा समुद्राकडील खिडकी लावून घ्यावी, रात्री पूर्वेकडील उघडावी. रात्री उशिरापर्यंत खेळत बसणाऱ्या मुलांस पालक रागे भरतात, ते अन्य कारणांनी योग्यच असेल. यंत्राच्या आरोग्याच्या दृष्टीने मात्र मुलांची बाजू बळकट आहे. पावसाळ्यात हा फेर मोडतो. नैर्ऋत्येचा वारा अहोरात्र समुद्रावरूनच येतो, तेव्हा समुद्राकडील खिडकी बंदच बरी.

ज्या घरी वातानुकूलन यंत्र आहे तेथे प्रश्न पुष्कळसा सुटतो, कारण ते हवा थंड करते तशीच सुकवितेही. पण एक पथ्य आहे. ३० अंश व ८५ टक्क्यांच्या हवेचा दवबिंदू सुमारे २७ अंश. चोवीस अंशांच्या खोलीत बंद असलेला संगणक तसाच गार आहे, आणि कोणी वातानुकूलन थांबवून खिडकी उघडली, तर त्याच्या धातूवर दव जमेल. थंड पाण्याच्या तांब्यावर जमते तसे. खिडकी उघडण्यापूर्वी संगणक काही वेळ चालू ठेवून तापवावा, किंवा खिडकी उघडूच नये.

गाळणीविषयी भ्रम नसावा. कॅबिनेटबरोबर मिळणारी नायलॉनची जाळी धागे, केस, लोकर व जाडी धूळ अडविते. मिठाचे कण तिच्या छिद्रांच्या मानाने फारच बारीक असतात. ते अडतात ते थोडेसे, चिकटून. अधिक दाट गाळणी लावली तर प्रवाह घटतो, पंखे अधिक वेगाने फिरवावे लागतात आणि आवाज वाढतो. तरीही जाळी असावी, कारण पात्यांमध्ये साचलेली धूळ मिठास व ओलीस घर करून देते. महिन्यातून एकदा ती गोड्या पाण्याने धुवावी. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते, त्याने धुतल्यास मीठ काढण्याऐवजी लावल्यासारखे होईल. धुतलेली जाळी पूर्ण वाळल्याखेरीज परत बसवू नये. आषाढात ती दिवसभर वाळत नाही, म्हणून दोन जाळ्या असलेल्या बऱ्या. पंखा घेतानाही साध्या बाहीच्या धारव्यापेक्षा द्रवाच्या बंद धारव्याचा किंवा गोळ्यांच्या धारव्याचा घ्यावा. किंमतीत फरक थोडा, आणि पहिल्या प्रकारातील वंगण सुकले की तेथे गंज शिरावयास वाट मिळते.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न, कारण न खेळताही यंत्र चालवावयाचे म्हटल्यावर घरातील वडीलधारी माणसे विजेच्या देयकाकडे बोट दाखविणारच. ४५ वॅट, रोज अर्धा तास, पावसाळ्याचे १२० दिवस. एकूण खप २·७ युनिट होतो.